एक मोहरी, दहा लाख माणसं

मोहरीचा डबा रिकामा झाल्याचं माईच्या लक्षात आलं, तेव्हा चीन निम्माच झाला होता.

"अहो, परवाच तर भरला होता मी हा डबा," ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"परवा जग सुरू झालं नव्हतं," भाऊ म्हणाले, आणि वळलेही नाहीत.

ते स्टुलावर उभे होते. एका हातात मोहरीची बशी, दुसऱ्या हातात चिमटा, आणि समोर लाकडी चौकटीवर ताणून बसवलेलं, भिंतभर लांबीचं मांजरपाट. त्यावर पेन्सिलीने जगाचा नकाशा काढलेला. चिमटा लेकीचा होता. भुवया कोरायला घेतलेला तो चिमटा त्या दिवसापासून लोकसंख्येच्या कामाला लागला आणि लेकीच्या भुवया नैसर्गिक दराने वाढू लागल्या. लेक म्हणजे भाऊ आणि माईची एकुलती एक. औषधांच्या कंपनीत हिशेबखात्यात होती. तिचं कपाट नेमकं त्या चौकटीमागे गेलं होतं. जग पुरं होईपर्यंत कपाट उघडणार नाही, हे भाऊंनी आधीच जाहीर केलं असल्यामुळे ती दोन ड्रेस आलटून पालटून ऑफिसला जात होती. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तिला हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

घरी सगळं ठीक होतं. फक्त भाऊ निवृत्त झाले होते.

नकाशा कार्यालयात त्यांनी जन्मभर ठिपके दिले. कुठे किती माणसं राहतात हे दाखवायला एका ठिपक्याला अमुक हजार माणसं असं धरायचं आणि माणसं जिथे असतील तिथेच तो ठिपका द्यायचा, हे त्यांचं काम. मग कार्यालयात यंत्र आलं. देशाची लोकसंख्या भागिले देशाचं क्षेत्रफळ असा हिशेब करून ते अख्ख्या देशाला एकच रंग फासून मोकळं व्हायचं. भाऊंना या रंगाचा जो राग होता तो त्यांनी सख्ख्या भावाचाही कधी केला नसेल.

"इजिप्तला सरसकट नारिंगी," ते जेवताना सांगत. "म्हणजे वाळवंटातही माणसं पेरलीत की काय? सगळा देश नदीकाठाला खेटून उभा आहे. सरासरीला काय कळतंय? आता आपल्या घरात माणसं तीन, खोल्या तीन. सरासरी काढा, खोलीला एक माणूस. आणि आपण बसलोय कुठे? तिघंही स्वयंपाकघरात."

"बाहेरच्या खोलीत जग आहे म्हणून," माई म्हणाली.

तर झालं होतं असं, की गावातल्या वाचनालयाला आपल्या मोठ्या दालनात जगाचा नकाशा लावायचा होता. कोणत्या देशात किती दाटी आहे हे वाचकांना एका नजरेत कळावं, अशी कार्यकारिणीची इच्छा. छापखान्यातून यंत्राचा रंगीत नकाशा आणायचा, की भाऊंकडून हाताने करून घ्यायचा, यावर दोन बैठका झाल्या. निवृत्त झाल्यापासून भाऊंना कोणी काही विचारलंच नव्हतं. "दूध आलं का" आणि "गॅस बंद केलात का" हे सोडून. ही पहिलीच विचारणा होती. तो नकाशा त्या भिंतीवर लागणं ही त्यांच्या दृष्टीने आता भिंतीची गोष्ट उरली नव्हती. हे माईला कळत होतं, म्हणून ती मोहरीवरून एवढंच बोलली आणि दुसरा डबा आणायला गेली.

अध्यक्षांनी, म्हणजे वकीलसाहेबांनी, "एखादा लहानसा नमुना दाखवा" म्हटलं होतं. भाऊ म्हणाले, "नमुना कसा दाखवू? अर्धं जग दाखवलं तर उरलेल्या अर्ध्याने काय घोडं मारलंय?"

मोहरीपर्यंत ते एकदम पोचले नाहीत. शाईचे ठिपके मांजरपाटावर पसरले आणि एकेका ठिपक्यात शेजारचे दोन देश बुडाले. मग लेकीने ऑफिसातून पंचिंग मशीनमधल्या गोल चकत्या आणल्या. त्या सुरेख दिसल्या, पण माईने पंखा लावला आणि सबंध दक्षिण अमेरिका सोफ्याखाली स्थलांतरित झाली. तांदूळ लांबुडका पडला, तीळ लांबून दिसेना. मोहरी गोल, काळी, एकसारखी. मैद्याच्या खळीत चिकटतेही छान. त्या वेळी जगाची लोकसंख्या सातशे कोटींच्या आसपास होती. एक मोहरी म्हणजे दहा लाख माणसं, असं प्रमाण ठरलं.

प्रमाण ठरल्यावर अडचणी सुरू झाल्या. बांगलादेशाला दीडशे मोहऱ्या आणि नकाशावर जागा दोन बोटांची. तिथे शेवटच्या मोहऱ्या भाऊंनी श्वास रोखून बसवल्या. मंगोलियाला तीन. त्या इतक्या लांब लांब होत्या, की माई म्हणाली, एकमेकींना हाक मारली तर ऐकू जायची नाही. सिंगापूरला पाच, आणि देश एका मोहरीएवढा. शेवटी त्या एकावर एक चढवल्या. "हे बरोबरच आहे," भाऊ म्हणाले, "तिथे तसंच राहतात." सगळ्यात पंचाईत मोनॅकोची झाली. जगात त्याच्याइतकी दाटी क्वचितच कुठे, पण माणसं मोजून चाळीस हजारांच्या आत. दहा लाखांच्या हिशेबात तिथे मोहरीचं सालही बसेना. म्हणजे जिथे उभं राहायला जागा नाही तो देश नकाशावर ओसाड. भाऊ त्या रात्री जेवले नाहीत.

पण खरी ठिणगी पडली ती समोरच्या दारातून. समोर पोस्टमास्तर राहायचे, तेही निवृत्त. रोज संध्याकाळी ते जग कुठवर आलं हे बघायला येत आणि चहा घेऊन सूचना करत. त्यांचा मुलगा आइसलँडला होता.

"आमचा कुठे दिसत नाही," ते चष्मा पुसून म्हणाले.

"तिथे सगळे मिळून तीन लाख," भाऊ म्हणाले. "पाच लाखांच्या खाली असेल तर शून्य धरायचं. नियम आहे."

"शून्य?"

"हिशेबापुरतं."

"माझा मुलगा, सून, नातू. तीन माणसं मी स्वतः विमानात बसवून आलो. आणि तुम्ही शून्य म्हणता?"

"पोस्टमास्तर, तुमच्याकडे तरी पाच ग्रॅमचं पत्र आणि आठ ग्रॅमचं पत्र, तिकीट एकच ना?"

"तिकीट एकच. पण पत्र पोचवायचो आम्ही दोन्ही."

यावर भाऊंनी चिमटा खाली ठेवला. लेकीने ते पहिल्यांदाच पाहिलं. पोस्टमास्तर चहा अर्धा टाकून गेले आणि दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, कारण घरी चहा करणारं त्यांना कोणी नव्हतं.

एकदाचं जग पुरं झालं. भाऊंनी अध्यक्षांना कळवलं. अध्यक्ष म्हणाले, नकाशा वाचनालयात आणा, कार्यकारिणी बघेल. सचिव म्हणाले, ठराव झाल्याशिवाय बाहेरची वस्तू वाचनालयात आणता येत नाही. ठराव केव्हा होईल? कार्यकारिणीने नकाशा पाहिल्यावर. भाऊंनी हे दोघांना समोरासमोर बसवून विचारलं, तेव्हा दोघांनी एकमेकांचं म्हणणं योग्य असल्याचं मान्य केलं. शेवटी कार्यकारिणीनेच भाऊंच्या घरी यावं असं ठरलं. पण बैठक घरी झाली तरी ती बैठकच. निम्म्याहून अधिक सभासद पाहिजेत. पहिल्या रविवारी वकीलसाहेब आणि ग्रंथपालबाई असे दोघेच आले, चहा पिऊन गणसंख्येअभावी परत गेले. त्यांनी नकाशाकडे पाठ करून चहा घेतला, कारण बैठक सुरू नसताना पाहिलं तर ते पाहणं ग्राह्य धरता येत नव्हतं. दुसऱ्या रविवारी सभासदांपैकी दंतवैद्यांना दाढ काढायला बोलावणं आलं आणि पुन्हा एक माणूस कमी पडला.

इकडे खळ वाळू लागली. मोहऱ्या गळायला लागल्या. सकाळी माई झाडू मारायची आणि सुपलीत पाहून सांगायची, "आज ब्राझीलकडचे चार दिसतायत." भाऊ त्या उचलून पुन्हा लावायचे. कुठली मोहरी कुठली हे त्यांना कसं कळायचं, देव जाणे. लेक म्हणाली, "भाऊ, सगळ्या सारख्याच तर आहेत." तर तिच्याकडे असं पाहिलं, की तिने पुढे कधी हा शब्द काढला नाही.

उपाय सांगितला तो पोस्टमास्तरांनी. आयुष्यभर तिकिटं चिकटवलेला माणूस. "गोंद वाळला की सुटतो," ते म्हणाले. "आम्ही काउंटरवर ओला स्पंज ठेवायचो. तुम्ही वरून ओली चादर टाका. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. आणि मधेमधे उघडून बघू नका, वारा लागतो."

भाऊंनी तंतोतंत तसं केलं. जगावर ओली चादर चढली. दिवसातून दोनदा पाणी. चादर उचलायची सगळ्यांना मनाई. दोन-तीन दिवसांत खोलीत आंबूस वास येऊ लागला, तो खळीचा म्हणून सोडून दिला. रविवार आला आणि कधी नव्हे ती सगळी कार्यकारिणी आली. लेक दोनपैकी बऱ्या ड्रेसमध्ये उभी होती. भाऊंनी कार्यालयाच्या निरोप समारंभात मिळालेला कोट घातला होता.

"मंडळी," ते म्हणाले, "यंत्र सांगतं, कुठल्या देशात सरासरी किती. मी दाखवतो, माणूस नक्की कुठे आहे." आणि त्यांनी चादर ओढली.

जग हिरवंगार होतं.

मोहरी उगवली होती. बोटभर उंच, दोन-दोन इवली पानं, दाट आणि तजेलदार. चीनचा पूर्व किनारा म्हणजे नुसती हिरवळ. बांगलादेशात पानाला पान लागून छत झालेलं. ऑस्ट्रेलियाला कडेकडेने झालर, मधे कोरडं कापड. मंगोलियात तीन रोपं, एकमेकांकडे मान वळवून. सिंगापूरचा गुच्छ समुद्रावर ओणवा झाला होता. आणि नावातच हिरवा असलेला ग्रीनलँड तेवढा पांढराफटक.

पहिले दंतवैद्य बोलले. "कापणी केव्हा?"

"सुधारित आकडे दिसतायत," सचिव म्हणाले. "लोकसंख्या वाढलेली आहे."

वकीलसाहेब सभ्य गृहस्थ होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तो नाकाला लावावा की तोंडाला हे त्यांना ठरवता आलं नाही. "भाऊ," ते म्हणाले, "वाचनालयात याला पाणी कोण घालणार?"

भाऊ चादरीचं टोक धरून उभे होते. कोटाच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं. फक्त ग्रंथपालबाई पुढे झाल्या आणि वाकून बघत राहिल्या. तिथे वाळवंटातून एक बारीक हिरवी रेघ वर गेली होती आणि समुद्राजवळ पंख्यासारखी उघडली होती.

"इजिप्त मात्र बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"सगळंच बरोबर आहे," भाऊ म्हणाले. "फक्त उगवलंय."

भाऊंच्या परिश्रमांबद्दल आभाराचा ठराव एकमताने झाला. नकाशा छापखान्यातून आला. इकडे माईने दुसऱ्या दिवशी कात्री घेतली आणि आशिया कापून जेवणात घातला. एवढं अन्न फुकट घालवणं तिला जमलं नसतं. पोस्टमास्तरांनीही खाल्ला. "कोवळा लागतो," ते म्हणाले. "वस्ती नवीन आहे," लेक म्हणाली. भाऊंनी ताटातलं बाजूला काढलं. "मी माणसं खात नाही," ते म्हणाले, आणि पुढे कितीतरी दिवस त्यांचं हे एकच वाक्य घरात ऐकू आलं.

वाचनालयात जाणं त्यांनी बंद केलं. वर्तमानपत्र विकत घ्यायला लागले. मग विकतचं वर्तमानपत्र वाचताना भांडायला कोणी नसतं हे ध्यानात आलं आणि एका संध्याकाळी पुन्हा गेले. दालनात खुर्ची अशी निवडली की पाठ नकाशाकडे यावी. लेक ऑफिसातून परस्पर पुस्तक बदलायला आली होती. तिला ती पाठ लांबूनच दिसली. निवृत्त माणसाच्या पाठीला इतका ताठा असू शकतो हे तिला माहीत नव्हतं.

नकाशासमोर पोस्टमास्तर उभे होते. "भाऊ, आमच्या मुलाच्या देशाला फिका पिवळा दिलाय," ते मुद्दाम मोठ्याने म्हणाले. "रंग तर रंग. तुमच्यासारखं शून्य नाही केलं."

भाऊ वळले नाहीत. "तो रंग बर्फाला दिलाय. तुमच्या मुलाला नाही."

"मग माझा मुलगा कुठाय?"

हे पोस्टमास्तरांनी टोमणा म्हणून विचारलं, की खरंच विचारलं, हे लेकीला पुढेही कधी ठरवता आलं नाही. भाऊ उठले. खिशातली पेन्सिल काढली. "गाव कुठलं?" पोस्टमास्तरांनी सांगितलं. भाऊंनी चष्मा नाकावर घट्ट केला, किनाऱ्यावर बोट फिरवलं आणि एका खाडीच्या काठी तीन ठिपके दिले. सून, मुलगा, नातू. नातवाचा जरा बारीक.

"प्रमाण काय धरलंत?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"एक ठिपका, एक माणूस."

पोस्टमास्तर बराच वेळ नकाशाला नाक लावून उभे राहिले. मग कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले घड्याळवाले उठले. त्यांचा भाऊ जहाजावर होता. जहाजावरच्या माणसाचा ठिपका कुठे द्यायचा यावर चर्चा झाली, तो बंदराजवळ पाण्यात दिला. मग कोणाची बहीण, कोणाची पुतणी. ग्रंथपालबाई तरातरा आल्या. "वाचनालयाच्या मालमत्तेवर लिहिणं हा दंडनीय प्रकार आहे," त्या म्हणाल्या. भाऊंनी पेन्सिल पुढे केली. बाईंनी ती जप्त केली. पुढच्या बैठकीत ठराव झाला: ठिपके फक्त पेन्सिलीने द्यावेत, फक्त भाऊंनी द्यावेत, आणि बुधवारी सायंकाळी द्यावेत. पेन्सिल वाचनालय पुरवेल. ठरावाचा सूचक कोण हे सचिवांनी वाचलं, तेव्हा बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

पुढची बरीच वर्षं भाऊंच्या बुधवारला कोणी हात लावला नाही. ताप असला तरी जात. एखादा मुलगा देश बदलायचा, भाऊ जुना ठिपका खोडून नवीन द्यायचे. गावात राहणारे म्हणू लागले, आम्ही काय पाप केलं? मग गावाचे ठिपके सुरू झाले. जगाच्या नकाशात गाव ते केवढं, सुईच्या टोकाएवढं. तिथे एवढी माणसं लोटली की कागद काळा पडला. यंत्राच्या रंगाला आता कोणी विचारत नसे.

नियम एकच होता आणि त्यात सूट नव्हती. माणूस गेला की ठिपका खोडायचा. घड्याळवाल्यांचा भाऊ गेला तेव्हा ते म्हणाले, राहू द्या ना भाऊ, कोणाला काय त्रास आहे? भाऊ म्हणाले, "गेलेले धरले तर मंगोलियातही उभं राहायला जागा उरणार नाही." लेकीला ते फार कठोर वाटलं. पण तिने पाहिलं, भाऊंनी ब्लेडने खोडरबराचा कोपरा तासून टोकदार केला, शेजारच्या एकाही माणसाला धक्का न लावता तेवढा एक उचलला, फुंकर मारली, आणि घड्याळवाल्यांना घेऊन समोर चहाला गेले. बुधवारचे बाकीचे लोक ताटकळले. कोणी कुरकुरलं नाही.

भाऊ एका शनिवारी गेले. दुपारी, पेपर वाचता वाचता.

काही आठवड्यांनी ग्रंथपालबाईंनी लेकीला बोलावून घेतलं. बाईंचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी ड्रॉवरमधून खोडरबर आणि ब्लेड काढून टेबलावर ठेवलं. "मी करणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि दुसऱ्या कोणाला करू देणार नाही. पण नियम त्यांचा आहे."

लेकीने कोपरा तासला. बाईंनी भिंग दिलं. गावाच्या त्या काळ्या गर्दीत, कडेला, तीन ठिपके एकमेकांना चिकटून होते. इतके, की त्यांच्यामध्ये कागद दिसत नव्हता. माई, भाऊ आणि ती. हे ती ओळखू शकत होती. कारण बाकी सगळीकडे भाऊंनी दोन माणसांमध्ये केसभर तरी अंतर सोडलं होतं, आणि इथे नव्हतं.

"यातला त्यांचा कोणता?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

बाईंनी भिंग घेऊन स्वतः पाहिलं. "कोणताही एक खोडलात तरी आकडा बरोबर येईल," त्या म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "नाही. हे त्यांना चाललं नसतं."

लेक रबर खिशात टाकून घरी आली. माई स्वयंपाकघरात होती. लेक पाणी प्यायली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"माई, नकाशावर आपले तीन ठिपके आहेत. भाऊंचा कोणता?"

"डावीकडचा," माई म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं नाही. "मला दाखवायला नेलं होतं. मधला तुझा."

"मग उद्या जाऊन खोडून येते."

माई ओटा पुसत होती. पुसून झालेला भाग तिने परत पुसला.

"उद्या बंद असतं वाचनालय," ती म्हणाली.

वाचनालय सोमवारी बंद असतं. उद्या गुरुवार होता.

"बरं," लेक म्हणाली.